कवडीच्या गावचा पाहुणा

मराठी माणसाच्या बोलण्यात कवडी अजून चालते. बाजारातून ती केव्हाच उठली. तिच्यामागून आलेले पै, दिडकी, ढब्बू पैसाही उठले. पण एखाद्याचे घर आजही कवडीमोलाने जाते, वाटणीत धाकट्या भावाला फुटकी कवडी मिळत नाही, आणि प्रत्येक गावात एक तरी कवडीचुंबक असतोच असतो. आराध्याच्या गळ्यात कवड्यांची माळ दिसली की आपण हात जोडतो, सारीपाटाच्या डावात कवड्या पडल्या की डोळे विस्फारतो. मात्र कवडीमोल म्हणताना आपण जिला इतकी हलकी ठरवतो, ती कवडी येते कोठून, हे विचारायचे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

भास्कराचार्यांना ती हलकी वाटत नव्हती. ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'च्या आरंभी जे पैशांचे कोष्टक आहे, त्याचा पाया कवडीच आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या. मी पेशाने मास्तर असल्यामुळे असा हिशेब दिसला की करून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही, वाचकांनी तेवढे सोसावे. या कवड्यांचे मोठे आगर म्हणजे आपल्या नैर्ऋत्येस समुद्रात सांडलेली मालदीवची बेटे. नारळीच्या झावळ्या उथळ पाण्यात सोडायच्या, त्यांना कवड्या चिकटल्या की ओढून घ्यायच्या, वाळूत खड्डे करून पुरायच्या, आतला जीव कुजून गेला की धुऊन पोत्यांत भरायच्या. १३४३ साली इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तेथे गेला. त्याने भावही लिहून ठेवला आहे : एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, आणि स्वस्ताई झाली तर बारा लाखसुद्धा. बंगालचे लोक कवड्या नेत आणि बदली तांदूळ देत. कारण त्या बेटांवर मासा आणि नारळ यांपलीकडे फारसे काही पिकत नाही.

पुढे युरोपच्या व्यापाऱ्यांनी याच कवड्या जहाजाच्या तळाशी भार म्हणून भरून ॲम्स्टरडॅम-लंडनला नेल्या, तेथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या, आणि त्या मोजून माणसे विकत घेतली गेली. कवडीमोलाने माणूस जाणे हा काही आपल्या भाषेतला नुसता अलंकार नव्हे; अठराव्या शतकात ते रोजच्या बाजारात घडत होते. मालदीवची जी बाई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून झावळी झटकत होती, तिला याचा पत्ताही नसेल.

तेव्हा स्वस्त म्हणजे काय, आणि स्वस्त कोणाला, या प्रश्नाचा विचार करायला मालदीवइतकी योग्य जागा नाही, असे मला वाटते. आणि तो करण्याची पाळी आता आपल्यासारख्यांवर आली आहे. कारण मालदीव म्हणजे नवपरिणित धनिकांनी पाण्यावरच्या खोलीत राहण्याची जागा, ही जी आपली समजूत आहे, ती अर्धीच खरी आहे.

तेथे प्रवाशांचा धंदा सुरू झाला १९७२ साली. सुमारे अकराशे नव्वद बेटे. त्यांपैकी माणसांची वस्ती दोनशेपेक्षाही कमी बेटांवर. सरकारने मोठी चतुर वाटणी केली. ओसाड बेटे हॉटेलवाल्यांना भाडेपट्ट्याने दिली, आणि वस्तीच्या बेटांवर, माले हे राजधानीचे शहर सोडले तर, परक्याने मुक्काम करू नये असा नियम ठेवला. हॉटेलच्या बेटावर दारू चालते, कपड्यांना धरबंध नसतो, सगळे जग तेथे येऊन उन्हात पडते. आणि पलीकडच्या बेटावर बाया-माणसे मशिदीची बांग ऐकून चुलीकडे वळतात. दोघांच्या मध्ये समुद्र. समाजाचा आचार सांभाळला जावा हा त्यामागचा हेतू होता, आणि तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. पण त्यामुळे असेही झाले की बेटवाल्याने आयुष्यभर पाहुण्यांची विमाने डोक्यावरून जाताना पाहावी आणि पाहुण्याचा रुपया मात्र त्याच्या अंगणात कधी पडू नये. २००९ नंतर हा नियम सैल झाला. मालेच्या दक्षिणेस सुमारे सत्तावीस किलोमीटरवर माफुशी नावाचे बेट आहे. तेथे पहिल्या पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, आणि बघता बघता इतर बेटांवरही निघाल्या. हॉटेलच्या बेटावर एका रात्रीला जे मोजावे लागते, त्यात वस्तीच्या बेटावर आठवडा निघतो.

म्हणून तर आम्हांला जाता आले. माझ्यासारखा मॅट्रिक झालेला मास्तर, कादंबऱ्यांचे जे काय मानधन येते ते वाण्याच्या वहीत जिरवणारा, परदेशी जातो हे ऐकून शाळेत दोन दिवस कोणी खडूला हात लावला नाही. पण २०१९ सालच्या दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज आटोपून, मी आणि सौ. असे दोघे निघालो. पिशवीत फराळाचे दोन डबे. मालेहून माफुशीला जाणारी सरकारी बोट तेव्हा दीड तास घेई आणि तिचे भाडे एका जेवणाहूनही कमी होते. वेगाची बोट अर्ध्या तासात नेई आणि त्याच्या दहापट घेई. आम्ही दीड तासाचीच घेतली. शुक्रवारी ती नसे, तेव्हा दिवस मोजूनच निघावे लागे. बोटीत आमच्याबरोबर कांद्याची पोती होती, एक शिलाईचे यंत्र होते, आणि आईच्या मांडीवर झोपलेली मुले होती. वेगाच्या बोटीत हे काही नसते म्हणे.

पैसा अंतर विकत घेतो, ही गोष्ट मला तेथे फार स्पष्ट दिसली. पैसा जितका जास्त तितकी माणसे दूर. हॉटेलच्या बेटावर मालदीवचा माणूस तुम्हांला भेटलाच तर गणवेषात भेटणार. कमी पैशाच्या पाहुण्याला ही सोय नाही. त्याला माणसांत राहावेच लागते. आणि एकदा माणसांत राहिले की काही गोष्टी आपोआप मिळतात. त्यांची भाषा दिवेही. ती आपल्या मराठीच्याच गोताची. शेजारच्या घरच्या एका मुलाकडून मी आकडे म्हणून घेतले : एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवाए, दिहाए. माझ्या वर्गातला पहिलीचा मुलगा पुढचे दात पडलेले असताना उजळणी म्हणेल तर ती थोडीफार अशीच ऐकू येईल. साखरेला हकुरु म्हणतात, माशाला मस्. नारळ खवायला पाटावर बसतात, पाटाच्या पुढे दातेरी पाते, नाव हुनिगोंडी. सौ. ते पाहून काही न बोलता त्यावर जाऊन बसली आणि अर्धा नारळ खवून मोकळी झाली. घरांपुढे जोअली म्हणून काथ्याच्या विणलेल्या बैठका असतात; लोखंडी किंवा लाकडी चौकटीत जाळे ताणलेले, त्यात माणूस टेकून बसतो. संध्याकाळी म्हाताऱ्या त्यांत बसून गल्लीकडे पाहतात. आपल्या ओटीवरची संध्याकाळ आणि ही संध्याकाळ यांत समुद्राच्या वासाखेरीज मला काही फरक दिसला नाही; आणि कोकणातल्याला तोही दिसणार नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत आपल्याकडचेच एक गृहस्थ उतरले होते. मोठे हुशार, मोठे बोलके. पावसाळ्याचे शेपूट अजून हलत होते, खोल्या रिकाम्या होत्या, आणि ही गोष्ट हेरून त्यांनी पंचेचाळीस डॉलरांची खोली तिसांवर आणली. नंतर सकाळचा नाश्ता त्यातच बसवून घेतला, आणि धक्क्यापासून सामान ओढून आणण्याचे पैसेही दिले नाहीत. रात्री जेवताना हे सर्व त्यांनी आम्हांला सविस्तर सांगितले. मालक गरीब स्वभावाचा. हिंदी सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत तो 'ठीक है, ठीक है' म्हणत राहिला.

हे ऐकून मी काय म्हणावे? काटकसर हा आपल्या घरांचा मोठा गुण आहे. आमच्या आयांनी दिवाळीचे उटणे पुरवून पुरवून वापरले, कंदिलाचा कागद घडी घालून पुढच्या वर्षासाठी ठेवला. त्या कागदाला मी कधी हसणार नाही. पण त्या काटकसरीत एक अट होती, आणि ती इतकी गृहीत होती की कोणी बोलून दाखवली नाही : ओढ बसायची ती आपल्या अंगावर. आई स्वतः कमी खाई, मोलकरणीच्या ताटातले काढून घेत नसे. गृहस्थांनी जे पंधरा डॉलर वाचवले ते त्यांनी कोठलीही ओढ न सोसता वाचवले. खोली तीच, पंखा तोच, रोशी तीच. मग ओढ कोणी सोसली?

ती सोसणारा पहाटे पाचला उठे. तो बांगलादेशचा, विशीबाविशीचा. मालदीवमध्ये बांधकाम, झाडलोट, स्वयंपाक ही कामे फार मोठ्या प्रमाणावर बांगलादेशातून आलेली माणसेच करतात. तो कणीक मळी, रोशी भाजी, खोल्या झाडी, आणि दुपारी तोच हातगाडी घेऊन धक्क्यावर जाई. दर महिन्याला घरी पैसे धाडतो म्हणाला. बोलता बोलता त्याने एक गोष्ट अगदी सहज सांगितली, की भाव पाडून राहणारे पाहुणे जाताना बक्षीस देत नाहीत. भरपूर भाडे देणारे देतात. मला आधी हे उलटे वाटले. ज्याचे पैसे वाचले त्याने चार द्यायला हवेत. पण माणसाचे मन तसे चालत नाही. भाव पाडण्यात जिंकल्याचा आनंद असतो, आणि जिंकलेल्यातले परत कोण देतो! एके काळी बंगालचा तांदूळ जहाजाने मालदीवला येई आणि कवड्या घेऊन जहाज परत जाई. आता तांदळाऐवजी त्याच बंगालची माणसे येतात, आणि परत काय जाते ते त्या मुलालाच ठाऊक.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, हा व्यवहार आहे. मालकाला परवडले नसते तर त्याने नाही म्हटले असते. तोही धंदाच करायला बसला आहे. हे म्हणणे खोटे नाही, आणि रिकाम्या खोलीपेक्षा तीस डॉलर बरे हे मालकाला समजत होते. भाव विचारूच नये, सांगेल ते मुकाट्याने द्यावे, असा उपदेश मी करणार नाही. मी स्वतःही विचारतो. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. खोलीचा भाव खोलीपुरता. पण वस्तीच्या बेटावर गेलेला माणूस खोलीत कितीसा राहतो? तो गल्लीत हिंडतो. त्या म्हाताऱ्यांच्या संध्याकाळीतून जातो, मुलांच्या खेळातून जातो, शुक्रवारच्या दुपारी सगळे गाव नमाजाला गेल्यावर जी शांतता पडते तीत बसून समुद्र पाहतो. या गल्लीचे भाडे कोणी घेतले? कोणीच नाही. तिचा भाव नाही, म्हणून ती पाडताही येत नाही. खोलीत आपण गिऱ्हाईक असतो. उंबरा ओलांडला की पाहुणे होतो. आणि ज्यांचे पाहुणे होतो, त्या जोअलीतल्या म्हातारीला आपल्या तीस किंवा पंचेचाळीस डॉलरांतला एक छदामही मिळालेला नसतो. स्वस्त प्रवासाचे सगळे सुख त्या म्हातारीकडून येते आणि बिल दुसराच कोणी देतो. हॉटेलच्या बेटावरच्या श्रीमंताला हा पेच नाही. तेथे गल्लीच नाही, आणि जे आहे त्या सगळ्याचा भाव लावलेला आहे.

म्हणून मला वाटते, गल्लीचे देणे पैशात नसते, वागण्यात असते. आणि हे देणे श्रीमंतापेक्षा कमी पैशाच्या पाहुण्यावर जास्त असते, कारण गल्ली त्यालाच मिळालेली असते.

पाण्याचेच पाहा. या बेटांची उंची समुद्रापासून सरासरी दीड मीटर. पावसाचे गोडे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, पातळ सायीसारखे; उपसा जास्त झाला की साय फाटते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि कितीतरी बेटांच्या विहिरी खाऱ्या झाल्या. आता बहुतेक ठिकाणी समुद्राचेच पाणी यंत्राने गोडे करतात, तेल जाळून. २०१४ च्या डिसेंबरात मालेतील ते यंत्रघर आगीत सापडले, तेव्हा सबंध शहराच्या नळांना पाणी राहिले नाही. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पाठवले. जुन्या घरांमागे उघड्या आकाशाखाली न्हाणी असते, तिला गिफिली म्हणतात. तीत विहीर, आणि पाणी काढायला लांब दांड्याचे भांडे. भांड्याभांड्याने पाणी घेणाऱ्यांच्या गावात आपण जातो आणि तिन्ही वेळ फवाऱ्याखाली उभे राहतो, कारण भाड्यात पाणी धरलेले असते! माझ्या मते हा चोरीचाच एक सभ्य प्रकार आहे.

कचऱ्याचेही तसेच. मालेजवळ तिलाफुशी नावाचे बेट आहे. १९९२ पासून राजधानीचा कचरा तेथे नेऊन टाकू लागले आणि बेट त्यावरच वाढले. आपण फराळ घरून नेला तर पैसे वाचतात. त्यात काही वाईट नाही, कारण तेथला कांदासुद्धा जहाजाने आलेला असतो. पण फराळाची पिशवी मात्र परत घरी आणावी.

कपड्यांची गोष्ट थोडी गमतीची आहे. इब्न बतूता तेथे गेला तो काझी होऊन बसला. बायका कमरेवर वस्त्र घेत नाहीत हे पाहून तो फार कष्टी झाला. त्याने हुकूम काढला, खटपट केली, आणि अखेर स्वतःच लिहून ठेवले की न्यायासनापुढे येणारीपुरते जमले, बाकी काही जमले नाही. पाहुण्याने यजमानाला शहाणे करायला जाऊ नये याचा याहून चांगला पुरावा नसेल. आज पारडे उलटले आहे. आता यजमानीण नखशिखान्त वस्त्रांत आहे आणि पाहुणी बिनवस्त्राची. माफुशीवर किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून परक्यांसाठी वेगळा काढला आहे. तेथे पोहण्याच्या कपड्यांत वावरावे, इतरत्र नाही. तरी फलक वाचूनही गल्लीतून तशाच जाणाऱ्या बाया मी पाहिल्या, आणि त्या वेळी जोअलीतल्या म्हातारीने तोंड फिरवलेलेही पाहिले. ती रागावली नव्हती. तिने आपल्याच गल्लीत आपलेच डोळे आवरून घेतले. कोणाची रीत बरोबर, हा वाद येथे आणूच नये. गल्ली कोणाची एवढेच पाहावे.

२०२४ च्या जानेवारीत आपल्या देशाचे आणि मालदीवचे वाजले; तेथील तीन उपमंत्र्यांनी अनुचित लिहिले, त्यांना निलंबित केले गेले, आणि आपल्याकडे अनेकांनी ठरलेले प्रवास मोडले. २०२३ साली दोन लाखांहून अधिक भारतीय तेथे गेले होते, सर्व देशांत पहिला नंबर आपला. पुढच्या वर्षी तो राहिला नाही. देशाचा मान मलाही आहे. पण त्या दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे उपमंत्री येत नव्हते. हातगाडी घेऊन धक्क्यावर उभा असलेला तो मुलगा येत होता.

तर मग जावे की न जावे? विमानाच्या धुराने समुद्र चढतो आणि चढत्या समुद्राखाली पहिली जाणार ती हीच बेटे. १७ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांच्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बसून बैठक घेतली ती जगाला एवढेच दाखवायला. उलट, कोणीच गेले नाही तर त्या घरांत पैसा कोठून यायचा? हा तिढा मला सुटलेला नाही. आम्ही गेलो तेव्हा माणशी दर दिवशी तीन डॉलर हरित कर होता. २०२५ पासून वस्तीच्या बेटांवरील लहान मुक्कामघरांत तो सहा झाला आहे. पाहुणे गृहस्थ त्यावरही वाद घालत होते. तो मात्र सरकारी असल्यामुळे तेथे त्यांची डाळ शिजली नाही.

आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायची रीत नाही. सौ.ने तिसऱ्या दिवशी आमच्या डब्यातल्या चकल्या आणि चार बेसनाचे लाडू मालकाच्या बशीत घालून जोअलीतल्या म्हातारीला नेऊन दिले, का तर तिच्या हुनिगोंडीवर बसलो होतो. भाषा येत नव्हती. लाडू दाखवून ती 'हकुरु' म्हणाली, म्हातारी हसली. निघायच्या दिवशी सकाळी बशी परत आली. तीत खोबरे आणि गूळ भरलेल्या, आपल्या पाटोळ्यांसारख्या गुंडाळलेल्या पातळ पोळ्या होत्या, अजून गरम. म्हणजे पाळी पुन्हा आमच्यावर आली. डबे रिकामे झाले होते, आणि बोट साडेसातची होती.